वाचकांचे प्रश्न : आकडा कोणी बदलला, कधी आणि कशावरून?

अनेकांनी मिळून राखलेल्या याद्या व तक्ते आणि संकेतस्थळांवरची माहिती वापरताना येणाऱ्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन आम्ही मागच्या अंकात केले होते. पेडण्यापासून काणकोणपर्यंत पत्रे आली. त्यांतली पाच येथे थोडक्यात देऊन उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या देवस्थानच्या महाजनांचे, म्हणजे देवस्थानच्या सभासद घराण्यांतल्या माणसांचे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक दोन वर्षांपूर्वी आम्ही वहीतून गूगल शीट्समध्ये उतरवले. जत्रेची निमंत्रणे पाठवण्यासाठी समितीतले सहा जण ही यादी वापरतात, त्यांतले दोघे मुंबईला असतात. यंदा बरीच पाकिटे परत आली. पाहिले तर अनेक नावांपुढे भलत्याचेच पत्ते होते, काही माणसे दोन-तीनदा आली होती आणि एका दिवंगत महाजनांची ओळच नाहीशी झाली होती. बदल केल्याचे कोणीही कबूल करत नाही. यादी पुन्हा विश्वासाची कशी करावी?
— समिती सदस्य, फोंडा तालुका

उत्तर : आधी एक विनंती. कोणी कबूल करत नाही म्हणजे कोणी तरी लपवत आहे, असे धरून चालू नका. नाव एकाचे आणि पत्ता दुसऱ्याचा, हा घोटाळा बहुधा एका साध्या कृतीतून होतो. नावे अकारविल्हे लावावीत म्हणून कोणी तरी फक्त नावांचा रकाना निवडतो आणि क्रम लावायला सांगतो. नावे हलतात, शेजारचे पत्ते मात्र होते तिथेच राहतात. पडद्यावरची यादी पूर्वीपेक्षा नीटनेटकी दिसते, त्यामुळे आपल्या हातून काही बिघडले अशी शंकाही करणाऱ्याला येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाची ग्रंथसूची संगणकावर घेण्याच्या कामात मी होतो, तेव्हा नेमके हेच घडले. एका कवितासंग्रहापुढे पाककृतींच्या लेखिकेचे नाव दिसले, तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आले. तोवर बिघडलेल्या यादीत तीन आठवडे नवी पुस्तके चढत राहिली होती, म्हणून जुनी प्रत नुसती परत आणूनही भागणार नव्हते. आम्हाला वाचवले ते कागदी दाखल नोंदवहीने. तिच्यात प्रत्येक पुस्तकाला कायमचा दाखल क्रमांक होता आणि तोच क्रमांक पुस्तकाच्या आतल्या पानावर शाईने लिहिलेला होता. एकेक पुस्तक हातात घेऊन, क्रमांकावरून नाव आणि लेखक पुन्हा जुळवत आम्ही यादी सावरली. तुमची मूळ वही अजून असेल तर आज पहिले काम म्हणून ती कपाटात कुलूपबंद करा.

शीट्सच्या फाइल मेन्यूमध्ये आवृत्ती इतिहास आहे. त्यातून मागे जात, नावे आणि पत्ते जुळत असलेली शेवटची आवृत्ती शोधा. ती लगेच मूळ जागी आणू नका. तिची वेगळी प्रत करा आणि त्यानंतर झालेले खरे बदल, म्हणजे कोणी घर बदलल्याचे किंवा नवा क्रमांक घेतल्याचे कळवले असेल तर तेवढेच, हाताने त्या प्रतीत घाला. एखाद्या चौकटीवर माउसची उजवी कळ दाबली की त्या एका चौकटीचा संपादन इतिहासही पाहता येतो, पण त्यात वगळलेल्या किंवा नव्याने घातलेल्या ओळींची नोंद येत नाही. त्यामुळे हरवलेल्या महाजनांची ओळ तिथे सापडणार नाही, ती संपूर्ण फाइलच्या इतिहासातच शोधावी लागेल. या इतिहासालाही मर्यादा आहेत. यादी 'दुवा असलेल्या कोणालाही बदलता येईल' अशी खुली असेल आणि माणूस आपल्या खात्यात न शिरता बदल करत असेल, तर त्याची नोंद निनावी होते. जागा वाचवण्यासाठी जुन्या आवृत्त्या कधी कधी एकमेकींत मिसळल्या जातात. फाइलची प्रत काढली तर मूळ फाइलचा इतिहास प्रतीबरोबर येत नाही. म्हणून दर वर्षी जत्रेची निमंत्रणे रवाना झाली की त्या दिवशीच्या आवृत्तीला वर्षाचे नाव द्या आणि तिची एक प्रत उतरवून वेगळ्या ठिकाणी ठेवा.

आता पुढची घडी. प्रत्येक महाजनाला एक कायमचा क्रमांक द्या. तो क्रमांक एकदा दिला की दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही, माणूस गेल्यानंतरही नाही. ओळ कधीही पुसायची नाही. 'स्थिती' असा एक रकाना करून त्यात 'दिवंगत' आणि कळल्याची तारीख लिहायची. दुसऱ्या पानावर बदलांची नोंद ठेवा: तारीख, महाजनाचा क्रमांक, आधी काय होते, आता काय केले, कोणी कळवले आणि कोणी चढवले. हे जास्तीचे काम वाटेल. पण आपल्या गोव्यात एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यावर कब्जेदाराच्या नावापुढे म्युटेशनचा, म्हणजे फेरफाराचा, क्रमांक का लिहिलेला असतो, हे जमिनीचे कागद काढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नाव बदलले एवढे कळून पुरत नाही, ते कोणत्या आधाराने बदलले याचा माग उताऱ्यावरच मिळावा लागतो. देवस्थानच्या यादीला तोच न्याय लावावा, असे मला मनापासून वाटते.

एकच माणूस पुनःपुन्हा येण्याचा प्रश्न गोव्यात इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे, आणि त्याचे कारण आपला इतिहास. पोर्तुगीज काळच्या दस्तऐवजांत नाईक हे आडनाव रोमी लिपीत शेवटी 'क्यू, यू, ई' लावून लिहिले जाई. कामतांचे 'कामोतीं' होई आणि ते 'सी'ने सुरू होई, केंकऱ्यांचे नाव 'क्यू'ने आणि शेट हे 'एक्स'ने. आजोबांच्या जन्मदाखल्यावर एक रूप, वडिलांच्या पासपोर्टवर दुसरे आणि मुलाच्या आधारपत्रावर तिसरे, अशी घरे तुमच्याही यादीत असणार. रोमी नावे वर्णानुक्रमे लावली की ही तिन्ही रूपे यादीच्या तीन टोकांना जातात आणि तीन वेगळी माणसे वाटू लागतात. यांतले कोणते रूप बरोबर, हा प्रश्न विचारू नये. ज्या कागदावर जे आहे, तिथे ते बरोबरच आहे. यादीत माणूस स्वतः सांगेल ते नाव मुख्य ठेवावे आणि इतर रूपांसाठी 'अन्य लेखन' हा रकाना करावा, म्हणजे कोणतेही रूप शोधले तरी तो एकाच क्रमांकावर सापडेल. दोन ओळी एकाच माणसाच्या आहेत असे संगणकाने सुचवले, तरी त्या एक करण्याआधी घरी फोन करून विचारा. एकाच वाड्यावर काका आणि पुतण्या एकाच नावाचे असणे आपल्याकडे नवलाचे नाही.

देवनागरीतही असा फसवा प्रकार आहे. 'कोपऱ्याजवळ' या शब्दातला ऱ संगणकात एका चिन्हाने साठवता येतो, तसाच र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोध मात्र एकालाच सापडवतो. 'ॲडव्होकेट'मधल्या ॲ साठी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या जागतिक प्रमाणात, स्वतंत्र चिन्ह २००८ साली आले, त्यामुळे जुन्या मजकुरात तो अ वर चंद्र देऊन केलेला आढळतो. ऱ च्या दोन रूपांना युनिकोडची ठरलेली प्रमाणीकरणाची रीत एक करते, ॲ च्या दोन रूपांना करत नाही. ती शोधून हातानेच बदलावी लागतात. तसेच, दूरध्वनी क्रमांकांचा रकाना आधीच 'साधा मजकूर' म्हणून ठरवा, नाही तर ०८३२ मधले पहिले शून्य गळून पडते.

शेवटी, बदलण्याचा अधिकार दोघांकडेच ठेवा. बाकी चौघांनी सूचना लिहाव्यात. आणि ही माणसांच्या घरांची व दूरध्वनींची यादी आहे, तेव्हा तिचा खुला दुवा आजच बंद करा.

प्रश्न : प्रबंधासाठी मी गोव्याची २०११ ची लोकसंख्या एका संकेतस्थळावरून १४,५७,७२३ अशी घेतली. माझ्या मार्गदर्शकांकडच्या पुस्तकात ती १४,५८,५४५ आहे. शिवाय जनगणनेच्या तक्त्यात ११ तालुके आहेत आणि मी १२ लिहिले आहेत. ज्या पानावरून मी आकडा घेतला ते पान आता उघडतही नाही. माझे चुकले कुठे?
— विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : तुमचे दोन्ही आकडे जनगणनेचेच आहेत. १४,५७,७२३ हा मोजणी आटोपल्यावर लगेच प्रसिद्ध झालेला तात्पुरता आकडा आणि १४,५८,५४५ हा छाननीनंतरचा अंतिम आकडा. फरक ८२२ माणसांचा, म्हणजे एखाद्या लहान गावाएवढा. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाणही तात्पुरत्या तक्त्यात ९६८ होते, अंतिम तक्त्यात ते ९७३ झाले. शासनाने आकडा सुधारला यात काहीही गैर नाही, मोठ्या मोजणीत हेच अपेक्षित असते. गफलत पुढे होते. पहिल्या संकेतस्थळाने आकडा उचलला पण 'तात्पुरता' हा शब्द मागे सोडला. दुसऱ्याने त्याच्यावरून घेतला, तिसऱ्याने दुसऱ्यावरून, आणि अंतिम आकडा आल्यानंतरही त्या साखळीतल्या कोणालाच तो बदलावा असे वाटले नाही. म्हणून आकडा उतरवताना त्याच्याबरोबर तीन गोष्टी उतरवायची सवय लावून घ्या: तो कोणी प्रसिद्ध केला, तो तात्पुरता की अंतिम, आणि तुम्ही तो कोणत्या दिवशी पाहिला.

तालुक्यांचेही तसेच आहे. बारावा तालुका म्हणजे धारबांदोडा. तो वेगळा झाल्याचे २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत दिसत नाही, आणि तिथली मुख्यत्वे सांगे तालुक्यातली गावे त्या तक्त्यांत जुन्याच तालुक्याखाली मोजलेली आहेत. सांगे तालुक्याची २०११ ची लोकसंख्या घेऊन ती आजच्या सांगेशी ताडून पाहिली, तर तालुका ओस पडत चालल्याचा भास होईल, आणि त्यावर कोणी तळमळीने एखादा परिच्छेदही लिहून टाकील. तक्त्यातला आकडा तसाच असताना त्याच्याखालची जमीन बदलली, असे म्हणता येईल. प्रबंधात ११ तालुक्यांचाच तक्ता द्या आणि धारबांदोडा त्यात स्वतंत्र का नाही, हे तळटीपेत एका वाक्यात सांगा. गाववार आकडे मिळत असतील तर ते बेरजेला घेऊन आजच्या तालुक्यांप्रमाणे नवा तक्ता तयार करणे अधिक चांगले, पण मग तो तुमचा तक्ता आहे असे स्पष्ट लिहावे लागेल.

आता नाहीशा झालेल्या पानाविषयी. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरच्या संकेतस्थळांच्या प्रती साठवते आणि तिचे वेबॅक मशीन २००१ पासून सर्वांना खुले आहे. तुमच्या पानाचा जुना पत्ता तिथे घालून पाहा, प्रत मिळण्याची बरीच आशा आहे. यापुढे महत्त्वाचे पान वापरले की त्याच दिवशी तिथल्या 'सेव्ह पेज नाऊ' या सोयीने प्रत साठवा आणि प्रबंधात मूळ पत्त्याबरोबर त्या प्रतीचाही पत्ता द्या. एक बारकावा मात्र लक्षात असू द्या. त्या प्रतीच्या पत्त्यात १४ अंकी वेळ असते, ती जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. तुम्ही पहाटे चारला साठवलेली प्रत आदल्या तारखेची दिसेल. पानाच्या तळाशी असलेल्या 'अखेरचे अद्ययावत' या तारखेवर विसंबू नका. बऱ्याच ठिकाणी ती आपोआप बदलते, मजकुराला कोणी हात लावलेला नसला तरीही.

पीडीएफ उतरवून घेतली असेल तर तिचा हॅश काढून ठेवा. संगणक फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून एक ठसा तयार करतो, एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. फाइलमध्ये एखादा स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. त्याच नावाची फाइल वर्षभराने पुन्हा उतरवून ठसा ताडला, की ती तीच आहे की मधल्या काळात बदलली, हे क्षणात कळते. काय बदलले आणि कोणी बदलले हे मात्र ठशावरून कळत नाही. त्यासाठी जुनी फाइल जपून ठेवलेली असावीच लागते.

प्रश्न : एका सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर नोकरभरतीच्या सूचना येतात. रोज उघडून पाहायला जमत नाही. बदल झाल्यावर कळेल अशी काही सोय आहे का? मी एक सोय लावली होती, पण ती रोजच 'बदल झाला' असे कळवत राहिली.
— एक वाचक, कुडचडे

उत्तर : पानावर लक्ष ठेवणारी साधने अनेक आहेत आणि त्यांतली बरीच ब्राउझरला जोडता येतात. ती पानाची जुनी आणि नवी प्रत ओळीने ताडतात. असे दोन मजकूर ताडून फरक दाखवणारा डिफ हा प्रोग्राम युनिक्समध्ये १९७४ सालापासून आहे, तेव्हा कल्पना जुनीच. तुमचा अनुभव येतो तो पानावरच्या आजच्या तारखेमुळे, भेट देणाऱ्यांच्या मोजणीमुळे किंवा सरकत्या पट्टीमुळे. साधनाला पूर्ण पान न देता फक्त सूचनांच्या यादीचा भाग निवडून द्या. दिवसातून दोनदा तपासणी पुरे, दर मिनिटाला तपासून त्या संकेतस्थळावर भार टाकू नये. आणि सूचनेची पीडीएफ पाहिल्याच दिवशी उतरवून घ्या. पुढे शुद्धिपत्रक निघते तेव्हा कधी कधी त्याच नावाने नवी फाइल चढवली जाते आणि जुनी अट काय होती, हे दाखवायला हातात काही उरत नाही.

प्रश्न : सत्तरीतले आम्ही नऊ जण आपापल्या कुळागरात पर्जन्यमापक लावून जून ते सप्टेंबर रोजचा पाऊस नोंदवतो. प्रत्येकाची शीट वेगळी आहे, हंगामाच्या शेवटी मी सगळ्या एकत्र करतो. यंदा आलेख काढला तर जानेवारी आणि फेब्रुवारीतही पाऊस दिसला, तोही ठरावीक तारखांना. एका ठिकाणी एका दिवसात १२४ मिलीमीटर आहे आणि शेजारच्या गावात त्याच दिवशी १५. शिवाय काही चौकटी रिकाम्या आहेत. कोणते आकडे काढून टाकावेत?
— बागायतदार, सत्तरी

उत्तर : हे पत्र वाचून फार आनंद झाला. तुमच्यासारखी माणसे रोज सकाळी भिजत जाऊन काचेच्या नळीतली रेघ वाचतात म्हणूनच आपल्या डोंगरपायथ्याच्या पावसाविषयी बारकाईने काही बोलता येते. त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

जानेवारीतला पाऊस बहुधा जूनचा आहे. शीट्समध्ये तारखेची मांडणी फाइलगणिक ठरते आणि तुमच्यातल्या एखाद-दुसऱ्याची फाइल अमेरिकी मांडणीत, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर अशी, राहिली असावी. तिथे १ जून म्हणून ०१/०६ लिहिले की शीट ते ६ जानेवारी समजते, २ जूनचे ६ फेब्रुवारी होते आणि १२ जूनचे ६ डिसेंबर. तेरावा महिना नसल्यामुळे १३ जूनपासून पुढच्या तारखा तिला तारखा वाटतच नाहीत, त्या साधा मजकूर म्हणून राहतात. खूणही सोपी आहे: तारीख म्हणून ओळखलेली चौकट उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. ज्या फाइलमध्ये महिन्याचे पहिले बारा दिवस उजवीकडे आणि उरलेले डावीकडे दिसतील, ती फाइल बाधित समजा.

खरा धोका मात्र जानेवारीच्या पावसात नाही, कारण तो तुम्हाला दिसला. ७ जूनची नोंद ६ जुलैला गेली आणि ६ जुलैची ७ जूनला आली, तर दोन्ही तारखा पावसाळ्यातल्याच असल्यामुळे कोणालाही शंका येणार नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अशा बारा तारखा आपसांत बदलतात. म्हणून वावगे दिसणारे दिवस तेवढे दुरुस्त करून थांबू नका. बाधित फाइलमधल्या तारीख म्हणून ओळखल्या गेलेल्या सर्व नोंदींचे दिवस आणि महिने उलटे करा, आणि मजकूर राहिलेल्या नोंदींना तारखेचे रूप द्या. मूळ फाइलला हात न लावता हे सगळे प्रतीवर करा. पुढच्या वर्षी सर्वांनी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहावी, ती कोणत्याही मांडणीत एकाच अर्थाने वाचली जाते.

एकत्र करण्याआधी आणि नंतर ओळी मोजा. नऊ ठिकाणे आणि १२२ दिवस, म्हणजे १,०९८ ओळी यायलाच हव्यात. ही साधी मोजणी मोठमोठ्या यंत्रणांकडूनही राहून जाते. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून काही दिवस गळून पडले, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये घेतली जात होती आणि त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. आत किती गेल्या आणि बाहेर किती आल्या, हे ताडले असते तर पहिल्याच दिवशी कळले असते. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना कळवायला त्यामुळे उशीर झाला.

१२४ आणि १५ विषयी. दशांश चिन्ह राहून १२.४ चे १२४ झाले असण्याची शक्यता आहे, पण घाटाच्या कुशीत दोन गावांच्या पावसात मोठा फरक पडतो हेही तुम्ही जाणता. आकडा विचित्र वाटतो म्हणून पुसू नका. २३ जुलै २०२१ रोजी म्हादईच्या पुराने सत्तरीत काय केले ते तुम्ही पाहिले आहे. विशिष्ट मर्यादेच्या वरचा आकडा आपोआप उडवणारी यादी ठेवली असती, तर नेमका अशाच दिवसाचा पाऊस आपल्या नोंदीतून नाहीसा झाला असता. आकड्यापुढे 'शंका' असा एक रकाना करा, त्यात कारण लिहा आणि नोंद करणाऱ्याला त्याची कच्ची वही पाहायला सांगा. वहीत १२.४ सापडले तर नवा आकडा नव्या रकान्यात लिहा, जुना होता तिथे राहू द्या. नळी किती वेळा भरून ओतली हे वहीत लिहिलेले असेल तर प्रश्न लगेच सुटेल. सगळे जण एकाच वेळी मोजतात ना, हेही विचारून घ्या. हवामान विभाग सकाळी साडेआठला मोजतो आणि आदल्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर मांडतो. नऊपैकी एकाने जरी तो आदल्या तारखेवर मांडला, तरी त्याचे गाव इतरांच्या एक दिवस आधी भिजताना दिसेल.

रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे कोणी तरी जाऊन पाहिले आणि नळी कोरडी होती. रिकामी म्हणजे कोणी पाहिलेच नाही. चवथीला मूळ घरी गेलेला माणूस चौथ्या दिवशी परतून एकदम ९० मिलीमीटर लिहितो, तो चार दिवसांचा साठलेला पाऊस असतो. हंगामाच्या बेरजेत तो धरावा, पण 'चार दिवसांचा एकत्रित' अशी नोंद करून, म्हणजे त्या एका दिवसाला कोणी मुसळधार म्हणणार नाही. त्याची चार सारख्या भागांत वाटणी मात्र करू नका. पाऊस तसा पडलेला नव्हता.

प्रश्न : ओपनस्ट्रीटमॅपवर आमच्या वाड्याचे नाव कोणी तरी बदलून तिथे नव्या व्हिला-प्रकल्पाचे नाव घातले आहे. आता भाड्याच्या गाड्यांचे चालकही तेच नाव घेतात. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतो. हे कोणी केले ते कळेल का, आणि पूर्ववत करता येईल का?
— एक वाचक, बारदेश

उत्तर : दोन्ही शक्य आहे, आणि तुमची वेदना मला समजते. वाड्याचे नाव गेले की त्या नावाबरोबरची विहीर, घुमटी आणि माणसांचे पत्तेही हळूहळू जातात.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, लोकांनी मिळून केलेला नकाशा आहे. त्याच्यावरच्या प्रत्येक बिंदूला आवृत्ती क्रमांक असतो आणि जुन्या आवृत्त्या पाहता येतात. वाड्याचा बिंदू निवडून त्याचा इतिहास उघडा. पहिल्या आवृत्तीत कोणते नाव होते, ते कितव्या आवृत्तीत बदलले, कोणत्या खात्यातून, कोणत्या दिवशी आणि बदलताना कारण लिहिले होते का, हे सर्व तिथे दिसेल. खात्याचे टोपणनाव दिसते, माणसाचे खरे नाव शोधत बसू नका. त्या बदलाखाली चर्चेची जागा असते, तिथे आधी सभ्यपणे विचारा. बऱ्याचदा बाहेरून आलेल्या माणसाला फलकावर जे दिसले तेच त्याने घातलेले असते, खोडसाळपणा नसतो. प्रकल्पही खराच असेल, तर त्याचा वेगळा बिंदू करून त्याचे नाव तिथे ठेवावे आणि वाड्याच्या बिंदूवर वाड्याचे नाव परत आणावे. मराठी आणि कोंकणी नावांसाठी स्वतंत्र रकाने आहेत, ते दोन्ही भरा. कारण म्हणून 'प्रत्यक्ष पाहणी' असे लिहा. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून काहीही उतरवू नका, या नकाशाच्या नियमांत ते बसत नाही.

विकिपीडियावर गावाचा लेख असेल तर तोही तपासा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि प्रत्येक लेखाचा संपूर्ण इतिहास तिथे ठेवलेला असतो. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून काय बदलले ते पाहता येते, आणि खाते उघडून लेख आपल्या निरीक्षणसूचीत घातला तर पुढचे बदल कळत राहतात. कोणी पुन्हा बदलले तर उलटसुलट फिरवत न बसता चर्चापानावर आधार मांडावा.

त्या आधारासाठी या आठवड्यात एक काम करा. वाड्याच्या तोंडाशी पंचायतीचा जुना फलक असेल, घरपट्टीच्या पावतीवर वाड्याचे नाव छापलेले असेल, शाळेच्या किंवा देवळाच्या पाटीवर ते कोरलेले असेल. फलकाचे आणि पाटीचे छायाचित्र स्वतः काढा, तारीख लिहून ठेवा, आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला ते नाव नेमके कसे उच्चारतात हे विचारून देवनागरीत तसेच उतरवून घ्या.